मशकीतला श्वास

त्या खोऱ्यात वाद्यं दुरुस्त करणारा एकच मेस्त्री होता आणि त्याचं एकच म्हणणं होतं: माणसं वाद्य वाजवतात कमी आणि आपटतात जास्त. फाटलेले ढोल, तडकलेले पावे, कुणाच्या तरी म्हशीने चेपलेलं शिंग, सगळं त्याच्याच दारात येऊन पडायचं. तोंडाने फटकळ, पण हाडाचा कारागीर. म्हणून वरच्या वस्तीतली पोरगी दुपारची येऊन म्हणाली, "काका, आईची मशक तेवढी बघून जा," तेव्हा गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत का होईना, तो शिवून ठेवलेली एक नवी पिशवी, दाभण आणि मेणाचा गोळा घेऊन चढायला लागला.

मशक म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. एका नळीने तिच्यात फुंकायचं, ती बगलेत धरून कोपराने दाबायची, की दुसऱ्या नळीतून सूर निघतो. या पोरीचा बाप खोऱ्यातला सगळ्यात चांगला मशकवाला. लोक त्याला दमदार म्हणायचे, आणि मेस्त्रीने त्याच्या शेजारी बसून तीस वर्षं ढोल वाजवला होता. आठ महिन्यांपूर्वी दमदार गेला. एक धून अर्ध्यात थांबवून, मशक खाली ठेवून, पाणी प्यायला उठला तो रांजणापाशीच कोसळला. तेव्हापासून मेस्त्रीने ढोल खुंटीवरून काढलाच नव्हता.

वाटेत पोरीने सगळं सांगितलं. आई मशक मांडीवर घेऊन बसते. रोज तिला तेल चोळते. गेल्या पंधरवड्यात कातड्याला चीर पडायला लागली, तशी तिची अन्नावरची वासनाच उडाली. रात्री डोळा लागत नाही, लागला तर दचकून उठते आणि आधी मशक चाचपते. असंच चाललं तर आईही हातची जाईल, म्हणाली. मेस्त्रीने गुडघ्यांची कुरकुर थांबवली आणि भराभर पावलं उचलली.

घरात शिरले तोवर धुकं खाली उतरून खिडकीला टेकलं होतं. चार वाजता दिवा लावावा लागला. खोलीत जुन्या कातड्याचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. पोरीची आई, मेस्त्री तिला वहिनी म्हणायचा, भिंतीला टेकून बसली होती. बाई निम्मी झाली होती. तिने पोरीला चहा टाकायला आत पाठवलं आणि मशक पुढे केली, पण हात काही सोडेना.

"भाऊजी... आतलं सांडू देऊ नका."

"आतलं काय, वहिनी?"

"यांचा श्वास. शेवटचा."

मेस्त्रीला हसू आलं, ते त्याने मिशीत लपवलं. मग मशक हातात घेतली आणि हसू जागच्या जागी जिरलं. शिवण कितीही बारीक घाला, चार तासांत पिशवी मऊ पडते. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ही आठ महिने टम्म होती. वरून कोमट लागत होती, आणि तळव्याखाली अगदी सावकाश उचलली जात होती, खाली बसत होती. त्याने कान लावला. आत कुणीतरी श्वास धरून थांबलं होतं, धून मध्येच तोडून पाणी प्यायला उठलेला माणूस थांबेल तसं.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी त्याला रडू फुटलं. तीस वर्षांची सोबत होती ती.

वहिनी म्हणाली, ते परत यायचे नाहीत एवढं तिला कळतं, तिला वेड लागलेलं नाही. पण एवढा श्वास तरी तिचा आहे, आणि ही चीर उद्या-परवा फाटली की तोही जाईल. "नव्या पिशवीत घाला... मग मी जेवेन. देवाशपथ जेवेन."

आजवर असं काम कुणी सांगितलं नव्हतं. पण मेस्त्रीच्या हातांना काम दिसलं की ते डोक्याला विचारत बसत नाहीत. त्याने नवी पिशवी फुंकून फुगवली, शिवणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो का ते पाहिलं. कुठेच आला नाही. मग दोन्ही पिशव्यांची तोंडं एका नळीवर आवळून बांधली, वरून मेणाने लिंपलं, आणि जुन्या पिशवीच्या गळ्याला आधी मारलेली गाठ सोडली.

सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग जुनी पिशवी बसायला लागली. वारा एकदम नाही गेला. थोडा गेला, थांबला, पुन्हा थोडा गेला. चढावर दम खात चालणाऱ्या माणसासारखा. खोलीत लवंगेचा वास पसरला. दमदार वाजवायला बसला की दाढेखाली लवंग धरायचा. आत चहाची भांडी वाजायची थांबली. पोरीलाही वास आला असावा.

"सावकाश..." वहिनी कुजबुजली, मेस्त्रीला नव्हे.

जुनं कातडं रिकामं होऊन त्याच्या मांडीवर लोळलं. नवी पिशवी भरली, आणि मेस्त्रीने तिला जुन्या नळ्या बसवल्या. वहिनीने ती बगलेत घेतली आणि कोपर जरासं दाबलं. एकच सूर निघाला, तरी पिशवी तेवढीच टम्म राहिली. मेस्त्रीने तो सूर ओळखला. धून जिथे तुटली होती, त्याच्या पुढचाच सूर होता तो. वहिनी खूप वेळ रडली, मग उठून तिने तोंड धुतलं आणि पोरीकडे भाकरी मागितली. पोरगी दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मेस्त्री उगाच तिच्यावर खेकसला, की चहात साखर कमी होती.

वळणावर पोचल्यावर त्याला आठवलं. नव्या पिशवीची शिवण तपासायला फुंकायचं, आणि शिवण बसावी म्हणून ती अर्धी फुगलेलीच ठेवायची, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. आजही त्याने तेच केलं होतं. ती रिकामी करायची राहूनच गेली होती. दमदारचा श्वास जिथे घातला, तिथे आधी त्याचा स्वतःचा होता.

तो परत फिरणार, एवढ्यात डाव्या बरगडीवर दाब आला. दुखलं नाही. कुणी मायेने मिठी मारावी तसा. छातीतला वारा आपोआप बाहेर गेला, आणि आत घ्यायला गेला तर येईना. क्षणभरच. मग दाब सुटला, आणि मेस्त्री धुक्यात दगडावर बसून मासळीसारखा तोंड उघडून श्वास घेत राहिला.

त्याने कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सांगितलं तर वहिनी मशकीला हात लावायची नाही, आणि मग ती वाचायची नाही. त्यापेक्षा जरा दम लागला तर लागला.

महिन्याभराने पोरगी खाली आली. आई रोज दिवेलागणीला मशक बगलेत घेऊन बसते आणि मग छान झोपते म्हणाली, अंगाने भरलीय, शेजारणीशी भांडलीसुद्धा. मेस्त्री म्हणाला, मग बरीच झाली. पोरगी हसली, पण निघता निघता दारात थांबली.

"काका, आई म्हणते बाबा आता आत एकटे नाहीत. कुणाशी तरी बोलतात."

"कुणाशी?"

"माहीत नाही. तो दुसरा सारखा म्हणतो, मला घरी जायचंय, अंधार पडला... आणि बाबा त्याला म्हणतात, बस रे, एवढी धून संपू दे."

मेस्त्री हातातल्या पाव्यावरची धूळ पुसत राहिला. पोरीने विचारलं, काका, रंग का उतरलाय तुमचा? तो म्हणाला, चढ-उतार झेपत नाही आता, वय झालं.

आता तो तिन्हीसांजेला काम हाती धरत नाही. हत्यारं बाजूला ठेवतो, दार लोटतो आणि बाकावर बसतो. वरच्या वस्तीवर त्याच वेळी दिवा लागतो. मग बरगडीवर तो मायेचा दाब येतो, रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त वेळ, आणि मेस्त्री हात मांडीवर ठेवून, वहिनी कोपर सैल सोडेपर्यंत वाट बघतो.