मासे घंटेला येईनात

“लिओना, मासे आता माझ्या घंटेला येत नाहीत. ते आर्व्हिलकडे जातात.”

ओपल क्रायलाइन दारातच उभी राहून हे म्हणाली, आणि लिओना बेट्झच्या हातातली मटाराची शेंग हातातच राहिली. कारण आर्व्हिल म्हणजे ओपलचा नवरा, आणि तो गेल्या ऑक्टोबरात स्वतःच्या तळ्यात बुडाला, असं अख्खं गाव धरून चाललं होतं.

“आत ये. बस. आणि पहिल्यापासून सांग.”

लिओना आमच्या जिल्ह्यातली एकुलती एक परवानाधारक गुप्तहेर. उभी हयात विमा कंपनीत खोटे दावे हुंगण्यात गेली, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. तिचा दीर नॉर्ब खिडकीशी पेंगत होता. गाडी चालवणं, गळ टाकणं आणि कासवाचं सूप ओरपणं, या तीन विषयांत नॉर्ब पंडित. बाकी सगळा आनंदच.

“आर्व्हिल रोज संध्याकाळी धक्क्यावरची घंटा वाजवून दाणे टाकायचा,” ओपल म्हणाली. “तो गेल्यावर मी टाकते. पण या आठवड्यात मोठे नर फिरकलेच नाहीत. पलीकडे दगड चढवायचा जुना उतार आहे ना, त्याच्या पायथ्याशी पाण्यात नुसते उभे असतात. खात नाहीत, हलत नाहीत. आणि कसे उभे आहेत ठाऊक आहे? एखाद्याच्या खाटेभोवती बसावं तसे.”

नॉर्ब खाडकन जागा झाला. “आई गं!”

“जवळ जायचा धीर होत नाही मला. गाव म्हणतं, त्याने जीव दिला. पाणबुडे त्या खोल डोहात उतरले, त्यांना काही सापडलं नाही. फादर प्रार्थना करतात, पण कबर नाही. त्याच्या आईशेजारची जागा अजून रिकामी आहे. खोल पाणी घेतं ते देत नाही, म्हणतात. लिओना, त्याने खरंच जीव दिला असेल तर तसं सांग. मी ऐकून घेईन. पण मला कळू दे, आणि मूठभर माती टाकू दे.”

एवढं बोलूनही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. लिओनाने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं.

ते तळं म्हणजे चुनखडीची सोडून दिलेली खाण. दोन बाजूंना सरळ तुटलेले कडे, मधे हिरवं-काळं पाणी. दिवसाढवळ्यासुद्धा तिथे बोललेलं वाक्य कड्यावर आपटून परत येतं, आणि परत येताना आवाज आपला वाटत नाही. ओपलने घंटा वाजवली. बोटभर पोरटी मासळी गोळा झाली. मोठा एकही नाही.

“चला पलीकडे,” लिओना म्हणाली.

उताराच्या पायथ्याशी पाणी मांडीभर. त्यात काळ्या सावल्या तरंगत होत्या, ताटाएवढे ब्लूगिल मासे, छाती तांब्यासारखी लाल. माणसाची चाहूल लागूनही ते जागचे हलले नाहीत. सगळ्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला, पहाऱ्यावर असल्यासारखी.

“उतर, नॉर्ब.”

“मीच का?”

“तुझे बूट उंच आहेत म्हणून.”

नॉर्ब कुरकुरत उतरला आणि ओरडलाच. “चावला! लिओना, हा मला ढुश्या मारतोय!”

“मारणारच. घरट्यावर बसलाय तो. पायाखाली काय लागतंय?”

“टणक आहे.” त्याने वाकून मूठ भरली. “बारीक खडी. धुतल्यासारखी स्वच्छ.”

“नर शेपटीने गाळ झाडतो, म्हणून स्वच्छ. सरक बाजूला. आता टणक आहे?”

नॉर्बचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेला. मग शिव्या देत तो चारही बाजूंनी फिरला. खडी संपली की चिखल, सगळीकडे तसंच. खडीचा तुकडा होता माणसाच्या लांबीचा, खाटेच्या रुंदीचा.

“घरटीच आहेत ना मग,” नॉर्ब सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. “भूतबीत काही नाही. मासे जून महिन्यात घरटी करतात, त्यात काय मोठंसं?”

लिओना ओपलकडे वळली. “एवढाले मासे आर्व्हिल वाढवायचा कसा? मला मासे फक्त तळलेले कळतात.”

ओपलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. “तो म्हणायचा, गर्दी झाली की मासा खुरटतो. म्हणून मुद्दाम भुकेले बास मासे सोडले, पिल्लं खायला. घरटी फक्त उत्तरेकडे पाण्याखाली खडकाची पायरी आहे तिच्यावर होऊ द्यायचा, आणि त्यातलीही निम्मी फावड्याने मोडायचा. ऑक्टोबरात झडप उघडून पाणी उतरवायचा, म्हणजे बारक्यांना लपायला गवत उरत नाही. तेव्हा हा उतार खालपर्यंत कोरडा पडतो. हिवाळ्यात तळं परत भरतं.”

“आणि मोठे नर?”

“त्यांना हात लावायचा नाही! म्हातारा नर गेला की पोरं लवकर वयात येतात आणि तेवढीच राहतात, म्हणायचा. प्रत्येकाच्या पोटाच्या डाव्या पराचं टोक कापून खूण केली होती. पोटची पोरं असल्यासारखे ओळखायचा.”

“त्या दिवशी होडी कुणाला सापडली?”

“क्लीटस हॉफर्टला. डोहावर नुसती तरंगत होती, आत आर्व्हिलची टोपी. बिचारा पाणबुड्यांबरोबर दिवसभर राबला. अजूनही शुक्रवार आला की मला जेवण आणून देतो.”

आर्व्हिलचा धाकटा भाऊ व्हर्लिन खडी-दगडाचं आवार चालवायचा. दोघं भाऊ या तळ्यावरूनच भांडले होते. व्हर्लिनला तिथे पोहायला तिकीट लावायचं होतं. लिओनाला बघताच त्याने क्रेन बंद केली.

“मीच भावाला मारलं, असं म्हणायला आलीस ना? म्हण की! काही जण पाठीमागे म्हणतात, तू तोंडावर म्हण.”

“मी विचारायला आले, जुन्या उताराच्या पायथ्याशी तळ कसा आहे?”

व्हर्लिन गोंधळला. “कसा म्हणजे? चिखल. लहानपणी माझा बूट तिथे रुतला, आईचा मार खाल्ला, बूट अजून तिथेच आहे. का?”

“सहज. गेल्या ऑक्टोबरात बारीक खडी कुणाकुणाला दिलीस?”

“चर्चच्या वाटेला एक गाडी. एक गाडी क्लीटसच्या बारला, समोर गाड्या लावायच्या जागेसाठी. बस.” मग त्याचा आवाज उतरला. “लिओना, आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं. ते आता मागे घेता येत नाही.”

बाहेर पडल्यावर नॉर्ब कुजबुजला, “खडी याची, भांडण याचं. सरळ आहे.”

“सरळ आहे म्हणूनच थांब जरा. चल, तुला सूप पाजते.”

क्लीटसच्या बारसमोर नॉर्ब गाडीतून उतरला तो थेट डबक्यात. “अरे देवा! एवढा धंदा करतो, दारापुढचा चिखल तेवढा बुजवत नाही!”

“हं,” लिओना म्हणाली.

आत क्लीटसने हसत स्वागत केलं. गोल चेहरा, गोड जीभ. कुणाच्याही मयताला आधी पोचणारा आणि शेवटी निघणारा माणूस. गल्ल्यामागे भिंतीवर, काचेच्या पेटीत, पेंढा भरलेला ब्लूगिल टांगला होता. नॉर्ब सूप विसरून त्याच्यासमोर उभा राहिला.

“बाप रे, काय हे जनावर! क्लीटस, कुठे लागला?”

“सरकारी धरणावर, गेल्या हंगामाच्या शेवटी. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा!” क्लीटस फुलून म्हणाला. “लांबून लोक बघायला येतात.”

“भरणाऱ्याने मात्र हयगय केली हं. पोटाचा एक पर बोथट आहे बघ.”

“तू सूप पी, नॉर्ब,” लिओना म्हणाली. “क्लीटस, ओपल फार घाबरलीय रे. आर्व्हिलचे मासे त्या जुन्या उताराशी घरटी करून बसलेत.”

क्लीटसचं फडकं गल्ल्यावर क्षणभर थांबलं, मग पुन्हा फिरू लागलं. “त्यात घाबरायचं काय? आर्व्हिलनेच तिथे खडी टाकली होती ना, घरट्यांसाठी. याच स्टुलावर बसून मला म्हणाला, क्लीटस, जास्त घरटी, जास्त मासे. बिचारा. ते बघायला राहिला नाही.”

“खरंच बिचारा,” लिओना म्हणाली आणि तिने सुपाचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना उतारावर लिओनासमोर पाच जण उभे होते: ओपल, व्हर्लिन, क्लीटस, नॉर्ब आणि शेरीफ मॉसमन. मागे शेरीफची दोन माणसं, फावडी घेऊन. कड्याची सावली पाण्यावर चढत होती आणि त्या सावलीत ते तांबडे मासे तसेच उभे होते.

“सगळ्यांनी तेव्हा डोहात बघितलं,” लिओना म्हणाली, “कारण होडी डोहावर होती. होडीला काय, कुणीही लाथ मारून ढकलावं. टोपी आत ठेवावी. खोल पाणी दिसलं की माणूस उथळ पाण्याकडे बघत नाही.”

“हे उथळ पाणी तेव्हा पाणीच नव्हतं,” शेरीफ म्हणाला.

“तेच तर! आर्व्हिलने झडप उघडली होती. ही जागा कोरडी होती, मऊ, खणायला सोपी. खणलेली माती डोळ्यांत भरते, म्हणून वर खडी. मग तळं भरलं, गाळ बसला, झाकलं गेलं. पण जून आला. ब्लूगिलला घरट्याला खडी लागते. उत्तरेच्या पायरीवर जागेसाठी मारामारी, आणि इथे नवी कोरी जागा. त्यांनी झाडून-पुसून उघडी केली.”

“माझी खडी,” व्हर्लिन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“तुझीच. पण तू मला सांगितलंस, इथे चिखल आहे. ओपललाही चिखलच ठाऊक. काल नॉर्बच्या बुटाला लागेपर्यंत, इथे खडी आहे हे एकाच माणसाला माहीत होतं. मी फक्त घरटी म्हणाले. खडी तू म्हणालास, क्लीटस.”

“आर्व्हिलने सांगितलं म्हणून!” क्लीटस म्हणाला. “स्वतः टाकली त्याने!”

“जास्त घरटी, जास्त मासे. हो ना? तिथेच फसलास बघ. अरे, आर्व्हिलला जास्त मासे नकोच होते! असलेली घरटी फावड्याने मोडणारा माणूस नव्या घरट्यांना खडी टाकेल? त्याला थोडे हवे होते, मोठे हवे होते. तू त्याचा मित्र म्हणवतोस आणि त्याच्या जन्माच्या कामातलं एवढंही तुला कळलं नाही.”

क्लीटसने ओठांवरून जीभ फिरवली.

“तू बारसमोर टाकायला खडी घेतलीस,” लिओना पुढे म्हणाली, “आणि बारसमोर नॉर्ब डबक्यात पडतो. मग ती गाडीभर खडी गेली कुठे? आणि भिंतीवरच्या माशाचा बोथट पर, तो भरणाऱ्याची हयगय नाही. पोटाच्या डाव्या पराचं टोक. आर्व्हिलची कात्री.”

ओपलने मान वळवून क्लीटसकडे पाहिलं. “तू दर शुक्रवारी माझ्या टेबलाशी बसलास,” ती म्हणाली. एवढंच.

त्या एका वाक्याने तो कोसळला. उतारावरच खाली बसला.

“एक मासा, ओपल. एकच! पाणी उतरलं होतं, दिसत होता समोर, राहवलं नाही. तेवढ्यात आर्व्हिल आला. मी म्हटलं, एकाने काय होतंय? तर माशाची दोरी धरून ओढायला लागला, रडत होता गं तो, माशासाठी! मी ढकललं. डोकं या दगडाच्या धारेवर आपटलं. देवाशपथ, मारायचं नव्हतं मला.”

“मारायचं नव्हतं, पण मासा भरून घ्यायचं सुचलं,” व्हर्लिन म्हणाला. शेरीफने त्याला हाताने मागे सारलं.

“म्हणजे त्याने जीव दिला नाही,” ओपल म्हणाली.

“नाही,” लिओना म्हणाली. “तो आपले मासे राखत होता.”

शेरीफने खूण केली. फावडी घेतलेली माणसं पाण्यात उतरली. आणि ते तांबडे नर पळाले नाहीत. एकेक जण येऊन त्या बुटांना धडका देऊ लागला, मागे सरून पुन्हा येऊ लागला. पुढच्या माणसाने वैतागून पाय उचलला.

“लाथ मारू नका!” ओपल ओरडली. कड्यावरून तिचा आवाज परत आला. ती चपलांसकट पाण्यात शिरली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना धार लागली.

“हळूच बाजूला करा त्यांना. आमच्यापैकी कुणी मयताजवळ बसलं नाही हो. तेवढेच बसले.”