सड्यावरची एकोणनव्वदची शर्यत

"एकोणनव्वदची शर्यत कोण जिंकलं?"

एवढंच सिद्धीने तिच्या बाबांना विचारायचं होतं. पैज आम्ही तिच्या वर्गमैत्रिणींनीच लावली होती, तेजस्विनीने आणि मी. विचारलंस तर साखळीच्या बसस्टँडवर मिरचीभजी आणि गरम उंडो पाव, दोन्ही आमच्याकडून. नाही विचारलंस तर वर्षभर तुला 'भिवकुरी', म्हणजे भित्री, म्हणणार.

आता वाटतं, नसती लावली तर बरं झालं असतं.

ज्याला हे खोटं वाटेल त्याने इथेच वाचणं थांबवावं. मी पदरचं काही घालत नाही. अजून वर्षही झालेलं नाही. शनिवार, ७ डिसेंबर १९९६. जागा म्हणाल तर कारापूरच्या पलीकडे एक गाव आहे, त्याच्या डोक्यावरचा सडा. गावाचं नाव लिहीत नाही, सिद्धीचं घर अजून तिथेच आहे. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. दुपारी एक वाजता, लख्ख उन्हात घडलेली आहे.

म्हणूनच ती माझ्या डोक्यातून जात नाही.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. वर सगळा जांभा दगड, लाल धूळ आणि मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. १९८७ साली गोवा घटक राज्य झालं, तेव्हा गावातल्या खाणीवरच्या टिपर ड्रायव्हरांना एवढा आनंद झाला की त्यांनी एका रविवारी डोझर चढवून सड्यावर चक्क मोटरसायकलच्या शर्यतीची वाट काढली. चार वळणं. कडेला टिपरचे जुने टायर अर्धे पुरलेले. पणजीवाल्यांकडेसुद्धा असलं काही नव्हतं! डिसेंबरात शर्यत व्हायची. बायका-मुलांना वर जायची बंदी, त्यामुळे आम्ही खालून नुसता आवाज ऐकायचो आणि धूळ बघायचो.

तीन वर्षांनी सगळं बंद पडलं. का, ते कुणी बोलत नव्हतं.

आणि आता शर्यत परत होणार होती. पंधरा डिसेंबरला. सिद्धीचा मोठा भाऊ प्रथमेश पहिल्यांदा उतरणार होता, तोही बाबांच्या जुन्या येझदीवर. शर्यत भरवणाऱ्या गावच्या क्लबने स्मरणिका काढायची ठरवली. ती मराठीत की कोंकणीत यावरून दोन आठवडे भांडण झालं, एकाने खुर्चीही उचलली. शेवटी अर्धी-अर्धी ठरली आणि मराठीतला 'शर्यतीचा इतिहास' सिद्धीच्या वाट्याला आला. तालुक्याच्या निबंध स्पर्धेत तिचा पहिला नंबर आलेला ना!

ती केवढी फुगली होती म्हणून सांगू. वहीवर तिने 'इतिहासकार' असं लिहिलंसुद्धा.

सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी... दोन्ही सालं दोन दिवसांत लिहून झाली. कोण पडलं, कोणाची चेन तुटली, सगळं लोक हौसेने सांगत होते.

एकोणनव्वद म्हटलं की मात्र तोंडं बंद.

क्लबच्या शिवदासकाकांना विचारलं.

"त्या साली पावस खूब पडलो गो."

"डिसेंबरात, काका?"

"पडलो म्हणून सांगलें न्ही! चल, घरा वच."

देवकी टीचर म्हणाल्या, "तू दहावीत आहेस. गणिताकडे बघ." पोस्टमन म्हणाला, मी तेव्हा वास्कोला होतो. बायको मागून म्हणाली, "कधी गेला होता हा वास्कोला?" आणि दार लागलं.

सिद्धी रडकुंडीला आली होती. भीतीने नाही, रागाने. "मी काय यांच्या घरात चोरी करायला आले? साधं एक नाव विचारते!"

तेव्हा आम्ही ती पैज लावली. आणि शुक्रवारी रात्री जेवताना तिने खरंच बाबांना विचारलं.

तिच्या बाबांचा, बाबुरावकाकांचा, हात ताटातच थांबला.

"त्या साली शर्यत नव्हती," ते म्हणाले. आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

"नव्हती, तर मग उठलात कशाला?" सिद्धी मागून ओरडली. आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा अर्धी. सिद्धी घरी न जाता दप्तरासकट सरळ सड्यावर गेली. एकटी. वर सुरुवातीच्या रेषेपाशी पत्र्याचा एक फलक होता, जिंकलेल्यांच्या नावांचा. माणसं खोटं बोलतील, पत्रा कशाला बोलेल?

पत्र्यावर तीन ओळी होत्या.

पहिल्या दोन वाचता येत होत्या. तिसरी...

तिसऱ्या ओळीवर डांबर फासलं होतं.

सिद्धीने पत्र्याला लाथ मारली. खरंच मारली, तिनेच सांगितलं. आणि तेवढ्यात...

गाडीचा आवाज आला.

तिने तो लगेच ओळखला. येझदी. घरी रोज ऐकते ती. तिला वाटलं, प्रथमेश चोरून सराव करायला आलाय. बरं झालं, जाताना मागे बसून जाऊ.

आवाज पहिल्या वळणावरून गेला. मग दुसऱ्या. गिअर बदललेलाही कळत होता.

पण धूळ उडत नव्हती.

डिसेंबरात त्या सड्यावर सायकल गेली तरी गुडघाभर धूळ उठते. ती बघत राहिली. आवाज तिसऱ्या वळणापाशी पोचला आणि... तिथेच उभा राहिला. बंद नाही झाला. नुसता चालू राहिला. भट्... भट्... भट्...

"दादा! ए दादा! नाटकं पुरे!"

आवाज तसाच चालू.

तिथे टिटव्या असतात, माणूस दिसला की ओरडून जीव खातात. त्या दिवशी एकही ओरडली नाही, हे तिला तेव्हा जाणवलं.

आमच्यातली दुसरी कुणी असती तर दप्तर टाकून पळाली असती. पण आठवडाभर सगळ्यांनी टोलवलेली सिद्धी ती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आता तरी कुणीतरी नीट उत्तर द्या! ती तरातरा तिसऱ्या वळणाकडे निघाली.

आवाज मोठा होत गेला.

ती वळणावर पोचली. आवाज तिच्या अगदी समोर होता... हात लांब केला तर लागेल इतका.

समोर काहीच नव्हतं.

टायर होते, करवंदीची जाळी होती, त्यापलीकडे उतार. आणि धुळीत एका गाडीच्या चाकांचा माग. ताजा. माग संपत होता तिथे स्टँडची खूण, जमिनीत रुतलेली. खुणेच्या वर गुडघ्याएवढ्या उंचीवर हवा गरम लागत होती. पेट्रोलचा वास.

पावलांचा ठसा... एकही नाही.

"कोण आहे?" सिद्धीने विचारलं.

भट्... भट्... भट्...

"ही आमची गाडी आहे. माझ्या बाबांची. बाबुरावांची!"

बाबांचं नाव तोंडातून बाहेर पडलं...

आणि आवाज बंद झाला.

ती म्हणते, ती शांतता सगळ्यात वाईट होती. मग किक मारल्याचा आवाज आला. एकदा. परत एकदा. परत. गाडी सुरूच होईना. कुणीतरी जीव तोडून किक मारत होतं आणि दिसत कुणीच नव्हतं.

आता मात्र सिद्धी मागे फिरली. पळाली नाही, चालत राहिली. आणि तिच्या उजव्या बाजूने... टिक टिक टिक टिक...

बंद गाडी हाताने ढकलत नेली की चेन वाजते ना, तसं.

ती थांबली की ते थांबायचं. ती चालली की चालायचं. रेषेपर्यंत तिच्या बरोबरीने आलं. फलकाजवळ थांबलं. तिथून पुढे नाही आलं.

सड्यावर काय होतं, ते आजवर आम्हाला कुणालाच सांगता आलेलं नाही.

सिद्धी घामाने भिजून घरी आली. मी तिथेच होते, भज्यांचा निकाल विचारायला गेले होते. ओसरीवर प्रथमेश बसलेला, हात कोपरापर्यंत काळे. समोर गोणपाटावर येझदीचं इंजिन सुटं करून मांडलेलं. कार्बोरेटर घासलेटच्या डब्यात.

"दादा, तू आत्ता सड्यावर होतास?"

"चाक घेऊन जाऊ की टाकी?" तो हसला. "सकाळपासून बसलोय इथे. बघतेस ना?"

सिद्धी हसली नाही. ती सरळ आत गेली. बाबा जनेलातून बाहेर बघत बसले होते.

"तिसऱ्या वळणावर गाडी स्टँडवर उभी होती," ती म्हणाली. "इंजिन चालू. माणूस नाही."

बाबुरावकाका एवढे पांढरे पडले की सिद्धीची आई, सुमंगलाकाकी, पाणी घेऊन धावल्या.

"तुका हें कोणें सांगलें?"

"कुणी नाही. तेच तर! कुणी काहीच सांगत नाही!"

मग काका बोलले. सात वर्षांत पहिल्यांदा.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सड्याच्या राखणदाराला, त्या जागेच्या रक्षक देवाला, गाऱ्हाणं घालतात. नारळ, विडा, विडी ठेवायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव, घर, गाव सांगून म्हणायचं, यांना सांभाळ, आहेत तसे परत आण. हे काम बाबुरावकाकांकडे होतं. एकोणनव्वद साली त्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात स्वतःचंही नाव सांगितलं. आणि तासाभराने सराव करताना त्यांचं मनगट मुरगळलं.

"महादेव म्हणून एक होता," ते म्हणाले. "हद्दीपलीकडच्या दोडामार्गाकडचा. दोन वर्षं आम्ही एकाच खाणीवर टिपर चालवत होतो. डबा एकत्र खायचो. तो म्हणाला, दे गाडी, मी जातो. मी दिली."

"आणि गाऱ्हाणं?"

"परत घालायला हवं होतं. नवा नारळ, नवं नाव. पण शिवदास म्हणाला, भायल्या, परगावच्या माणसाचं नाव आपल्या गाऱ्हाण्यात कशाला? पंच घाई करत होते. मला वाटलं... गाडी माझी, नाव माझं सांगून झालंय. गाडीवर जो बसेल त्याला राखण लागेल."

काकांनी नकळत मनगट चोळलं.

"शेवटच्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या वळणावर गेला आणि आला नाही. आम्ही धावलो. गाडी स्टँडवर उभी. इंजिन चालू. आणि माझं दुखरं मनगट, सिद्धी... त्याच क्षणाला दुखायचं थांबलं. राखण मला लागली, त्याला नाही."

तीन दिवस शोधलं. उतार, रान, खाणीतलं पाणी सगळं बघितलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही. मग महादेवची आई आली विचारायला. क्लबवाल्यांनी तिला यादी दाखवली. बघ, यात नाव बाबुरावचं आहे, तुझा मुलगा शर्यतीत नव्हताच. कुठे गेला आम्हाला काय माहीत? आणि फलकावरच्या त्या सालाच्या ओळीवर डांबर फासलं.

"आणि तुम्ही?" सिद्धीने विचारलं.

"मी तिथेच उभा होतो."

"काही बोलला नाहीत?"



"तीनदा आली ती," सुमंगलाकाकी हळूच म्हणाल्या. "मी चहा दिला. म्हणाली, तो शर्यतीत नव्हता तर त्याचं जाकीट तुमच्या खुंटीवर कसं? मी तिला सांगितलं, ते यांचंच."

ओसरीवर प्रथमेश उठून उभा राहिला होता. हातातला पाना तसाच.

"आता गाऱ्हाण्यात त्याचं नाव घाला ना, बाबा," तो म्हणाला. "मी त्याच गाडीवर बसणार आहे."

"कसं घालू?" बाबुरावकाकांचा आवाज फुटला. "नुसत्या नावाने गाऱ्हाणं लागत नाही. बापाचं नाव लागतं, घर लागतं, गाव लागतो. दोन वर्षं शेजारी बसून जेवलो रे... आडनाव कधी विचारलं नाही. त्याला सगळे भायलो महादेवच म्हणायचे. क्लबात कुणालाच माहीत नाही."

मला उठून घरी पळावंसं वाटत होतं आणि हलताही येत नव्हतं.

सिद्धी मात्र रडत होती आणि त्याच वेळी तिचा चेहरा एवढा संतापलेला होता की मी तिला तसं कधीच पाहिलं नव्हतं. तिने दप्तर खाली टाकलं. आईकडे वळली.

"तिचं घर कुठे, ते ती बोलली होती?"

"बाजाराच्या मागे," काकी म्हणाल्या. "पिठाच्या गिरणीला लागून. सत्यवती नाव तिचं. पण तू कशाला..."

"उद्या पहिल्या बसने मी दोडामार्गाला जाणार," सिद्धी म्हणाली. "तो शर्यतीत होता आणि सगळ्यांच्या पुढे होता, हे तिला मी सांगणार. आधी तिच्या शिव्या खाईन, मग त्याचं पूर्ण नाव विचारीन. बाबा, तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी मी जाणार."