मागे न घेतलेली तक्रार

"तुझ्या पाया पडते, पण माझ्या लेकराला तुरुंगात सडवू नकोस!" असं म्हणत सासूबाई खरोखरच खाली वाकल्या, तेव्हा वहिनी डाव्या हातानं कसंबसं दूध उतरवत होती, उजवा हात बँडेजमध्ये गुंडाळून गळ्यात अडकवलेला. ती दचकून मागे सरली. "आई, काय करता हे! उठा आधी..."

"तक्रार मागे घे, मग उठते."

तिचा नवरा दाराशी बुटाची नाडी बांधत होता. एकच नाडी, केव्हापासून! इंजिनाच्या आवाजावरून बसचं दुखणं सांगणारा हा मेकॅनिक, पण घरात दोन बायकांचा आवाज चढला की याच्या कानांना दडे बसत.

"नाही घेणार," वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला.

सासूबाई उठल्या. "कळलं. हात भाजला त्याचा सूड उगवतेस! आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला नको."

सूड...! कुणावर? ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा धाकटा दीर शाळेत होता. ती लाँड्रीतले कपडे घरी आणून रफू करायची आणि हा खिडकीशी उभा राहून दोरे उजेडात धरायचा. "वहिनी, हा नको, याच्यात निळसर झाक आहे." तिनं रफू केलेलं भोक मालकालाही सापडत नसे, ते अर्धं याच्या डोळ्यांचं कौतुक. पुढे तो घड्याळं दुरुस्त करायला लागला, आणि मग एके दिवशी म्हणाला, घड्याळं आपल्याविषयी कुजबुजतात. मग भिंती कुजबुजू लागल्या. मग जेवणात विष आलं. वहिनीनं एकटीनं त्याला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या, पोर जरा माणसात आलं, तोच सासूबाईंना त्या सापडल्या आणि सगळ्या मोरीत गेल्या! "माझा मुलगा तापट आहे, वेडा नाही!" आणि त्या तापट मुलासाठी मागच्या खोलीला बाहेरून कडी बसली.

त्या दुपारी कडी लावायची राहिली होती. वहिनी कपड्यांना इस्त्री करत होती, सासूबाईंचा खुर्चीत डोळा लागला होता. सासूबाई जाग्या झाल्या त्या किंकाळीनं. पाहतात तो इस्त्री जमिनीवर, सून हात धरून कळवळतेय आणि धाकटा कोपऱ्यात थरथरतोय. हिनंच काहीतरी डिवचलं असणार, त्यांनी ठरवून टाकलं. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. दवाखान्यातल्या खाटेवर वहिनीनं जबाब दिला, "भाऊजी माझ्या अंगावर धावून आले." एवढंच. त्याहून जास्त एक अक्षर नाही.

कोर्टानं धाकट्याला दिलेल्या वकीलबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. "तक्रार मागे घेतलीत तर तो लगेच घरी येईल. शिक्षा झाली तर तुरुंग. मधली एकच वाट आहे. तक्रार राहू द्या, मी खटला थांबवून त्याला उपचारांना पाठवायला सांगते. उपचार नीट पार पडले तर खटला संपला. पण जिला लागलंय तिनं ते कोर्टात मागितलं, तर त्याला वजन येईल."

लगेच घरी! म्हणजे पुन्हा ती खोली, ती कडी... आणि पुढच्या वेळी मधे पडायला आपला हात असेलच कशावरून? हे ती घरात कुणाला सांगणार होती? आणि कसं?

कोर्टात धाकट्याला आणलं. पायात चप्पल नाही, दाढी वाढलेली, ओठ सारखे हलताहेत. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"शिक्षा नको, साहेब." ती म्हणाली. "पण घरीही पाठवू नका. त्यांना बरं करा... ते गुन्हेगार नाहीत हो, आजारी आहेत!"

मागच्या बाकावरून सासूबाई किंचाळल्या, "वैरीण! भर कोर्टात माझ्या पोराला वेडा ठरवलंस!"

न्यायाधीशांनी वकीलबाईंचं म्हणणं मान्य केलं. धाकटा तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात गेला. आणि वहिनीच्या वाट्याला मात्र घरातच एकांतवास आला. सासूबाई आपलं पाणी वेगळं भरून ठेवत, आपलं ताट आपण वाढून घेत. नवरा खाली मान घालून जेवे. बँडेज सुटलं, पण दोन बोटं ताठ राहिली ती राहिलीच. लाँड्रीवाले भले गृहस्थ, म्हणाले, "रफू राहू दे आता, तू कपड्यांच्या घड्या घाल." तिनं सुयांची डबी कपाटात मागे सारली आणि घड्या घालू लागली.

दर आठवड्याला ती धाकट्याला भेटायला जाई, आणि दर आठवड्याला तो भिंतीकडे तोंड करून बसे. ती बिस्किटं ठेवून परत येई.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांचा निरोप आला की धाकट्याला आईला भेटायचंय. तिथे पाऊल ठेवणार नाही म्हणणाऱ्या सासूबाई मुकाट्यानं निघाल्या, आणि वाट माहीत असलेली सून नाइलाजानं बरोबर घेतली.

तो बाकावर बसला होता. अंगानं सुटलेला, हात थरथरणारे, पण डोळे त्याचेच, ओळखीचे! सासूबाई त्याला कवटाळून हुंदके देऊ लागल्या. "चल रे घरी! या बयेनं तुझी काय दशा केली..."

"आई, थांब." त्यानं आईचे हात हलकेच सोडवले. "त्या दिवशी तू खुर्चीत झोपली होतीस. मला वाटायचं, चहात विष तूच घालतेस. इस्त्री मी तुझ्या डोक्यावर उगारली होती. वहिनीनं हात मधे घातला."

सासूबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. वहिनीनं हात पिशवीआड लपवला.

"खरं आहे हे? मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार होते, आई?" वहिनीचा बांध फुटला. "तुमच्या पोटच्या पोरानं तुमच्यावरच... ते ऐकून जगला असता का तुम्ही?"

धाकटा त्या पिशवीकडेच पाहत होता. "वहिनी, रफू...?" तिनं नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "मलाही आता स्क्रू धरता येत नाही. गोळ्यांनी हात कापतात. पण गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि घरीही इतक्यात नाही. मला अजून कधीकधी ती कुजबुज ऐकू येते."

घरी येताच सासूबाई त्याच खुर्चीत बसल्या, आणि क्षणात त्यांचं सगळं वय त्यांच्या अंगावर आलं. नवरा कामावरून लवकर आला होता. आईचा चेहरा पाहून तो पाणी आणायला उठला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "सूनबाई, पाणी दे."

वहिनीनं पेला भरून आणला. ताठ बोटांत तो हिंदकळला, थोडं पाणी सांडलं. सासूबाईंनी पेल्यासकट तिचा हात आपल्या ओंजळीत धरला आणि घोट घोट पाणी प्यायल्या. पेला रिकामा झाला, तरी त्यांनी हात सोडला नाही.