इथे अल्टरेशन होत नाही

आधीच सांगतो, मी थापाड्या माणूस आहे. घरी, कामावर, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे माझं हेच नाव आहे. त्यामुळे हे कोणी खरं मानत नाही. तुम्हीपण नका मानू. फक्त ऐका.

गेल्या वर्षी मी रोज करंजाडेवरून स्कूटरने पावणे एमआयडीसीत जायचो. हेल्मेट इतकं टाइट की काढल्यावर कपाळावर वळ दिसायचा. काम सोपं होतं. जयमाला मॅडमच्या मापाच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या.

ज्या काळात कपडे शिवणाऱ्या बाईला लोक नुसतं टेलर म्हणायचे, त्या काळात या बाईने स्वतःच्या नावाचं लेबल लावलं आणि नट्यांना, मंत्र्यांच्या बायकांना रांगेत बसवलं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता गाळा त्यांची भाची गीतांजली सांभाळते. दारासमोर मॅडमच्या हाताने रंगवलेली पाटी आहे, 'इथे अल्टरेशन होत नाही'. कोणी म्हणालं की कंबरेत घट्ट होतंय, तर मॅडम म्हणे शांतपणे सांगायच्या, कपडा बरोबर आहे, तुमचं काय ते बघा.

कटिंगला गोटीराम मास्तर. पावणे गावातलेच, चाळीस वर्षं तिथे. रोज डबा उघडताना एकच गोष्ट ऐकवायचे, की या गाळ्यातून गेलेला कपडा एकदाही परत आला नाही. एकदाही. रोज.

मला ती पाटी उतरवायची होती. बस, एवढंच.

माझी धाकटी बहीण ईश्वरी. तिचा साखरपुडा ठरला आणि गीतांजलीने तिचा ब्लाउज शिवून द्यायचं कबूल केलं. माप मास्तरांनी घेतलं, चालू वहीत लिहिलं. तिथे दोन्ही बाह्यांचं माप वेगळं लिहितात, कारण मॅडमच्या मते दोन हात कधी सारखे नसतात. जेवणाच्या सुट्टीत मी डाव्या बाहीचे साडेवीस खोडून साडेअठरा केले. ईश्वरी डावखुरी. जिल्ह्याकडून बॅडमिंटन खेळलेली, हात चांगला लांब. बाही मनगटाच्या वर चढणार, मास्तरांचं तोंड बघण्यासारखं होणार.

त्या वेळी सगळ्या मशिनी बंद होत्या. इस्त्रीची वाफ, खळीचा वास, बाहेरून येणारा केमिकलचा वास. आणि मागच्या बंद खोलीत एक मशीन चालू होती. हळू. कोणीतरी घाई नसल्यासारखं शिवत होतं. मला वाटलं, शेजारच्या गाळ्यात असेल.

ट्रायलला ईश्वरीने ब्लाउज घातला. बाही मनगटावर येऊन बरोबर थांबली. मास्तर माझ्याकडे बघून हसले. मी तिला दोन्ही हात समोर धरायला सांगितलं.

डावा हात दोन इंच आखूड होता.

"दादा, तोच जोक परत? बास की आता," ती म्हणाली. "लहानपणापासून चिडवतोयस."

घरी आलो. आईला विचारलं. ती म्हणाली, जन्मतःच तसा आहे, आज काय नवीन? जुने फोटो काढले. बारशापासून प्रत्येक फोटोत डावा हात आखूड. हॉलच्या भिंतीवर तिची चार पदकं होती. आता चार खिळे आहेत. माळ्यावर रॅकेट सापडली तर ईश्वरीनेच विचारलं, ही कोणाची रे? मग जरा वेळ तिने ती हातात धरून बघितली, डाव्या हातात, आणि ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाळ्यावर पोचलो. वहीत परत साडेवीस लिहिलं. चहा पिऊन आलो तर ते खोडलेलं होतं. वर साडेअठरा, हिरव्या शाईत. हिरवं पेन फक्त मॅडम वापरायच्या आणि ते गीतांजलीच्या कपाटात कुलपात असतं.

मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी कात्री पुसून खाली ठेवली.

"चालू वहीला हात नको लावू, सांगलेला ना तुला," ते हळूच म्हणाले. "कपरा तर आपल्याकडं बदलत नाय. मंग काय बदलत असंल... तूच सांग."

"पण हात परत कसा येणार, मास्तर?"

"परत..." त्यांनी मान हलवली. "आजपावतर काय परत आलाय का इथं?"

तरी मी शेवटचं एक करून बघितलं. वहीच्या नव्या पानावर लिहिलं, मॅडम, चूक माझी आहे. ईश्वरीचं सोडा. काय करायचं ते माझं करा. सुयश. लिहिताना मागच्या खोलीतली मशीन थांबली. ऐकत असल्यासारखी.

सकाळी हँगरवर एक कुर्ता होता. पांढरा, सुंदर शिवलेला, टॅगवर माझं नाव. मास्तर म्हणाले, मी कापला नाही. खांदे, छाती, बाह्या, सगळं माझ्या मापाचं. फक्त गळा नव्हता. म्हणजे डोकं घालायला भोकच नव्हतं. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरळ, बारीक, अतिशय सफाईदार शिलाई.

वहीत माझ्या नावापुढे सगळी मापं होती. गळ्यापुढे हिरवी रेघ.

कुर्ता मी घातला नाही. नोकरी सोडली. ईश्वरीचा साखरपुडा झाला, लग्न झालं. ती उजव्या हाताने जेवते आणि मजेत आहे. हात तसाच आहे.

हेल्मेट मात्र हल्ली सैल होतं. सुरुवातीला आत रुमाल घालायचो, आता टॉवेल घालतो. आईला म्हटलं तर ती म्हणाली, तुझं डोकं पहिल्यापासून लहानच.

हॉलमध्ये माझा सातवीचा वर्गाचा फोटो आहे. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंच्या साडीवर मोर आहे, हे मला परवा कळलं. इतकी वर्षं माझं डोकं मध्ये यायचं.