बायकांनी उतरवलेली बॅटरी

श्रावणझड लागली होती. कौतिका विहिरीवरून पाण्याची गुंडी घेऊन निघाली आणि सर एकदम अंगावर आली, म्हणून ती चावडीच्या वळचणीला जाऊन उभी राहिली. नुकतं उजाडत होतं. गावात कोंबड्यांशिवाय कुणी तोंड उघडलं नव्हतं... आणि बंद दाराआडून सनई ऐकू आली. बारीक, अगदी चोरटी.

तिनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. आत पंचायतीच्या रेडिओला कान लावून वारलू बसला होता, डोळे मिटून. वारलू म्हणजे रेडिओ सांभाळायला ठेवलेला पोरगा. मूळचा तेलुगू मुलखालगतच्या सिरोंच्याकडचा, सोमाजीच्याच दूरच्या सोयऱ्यांतला, बल्लारपूरला रेडिओच्या दुकानात काम शिकून आलेला. आणि सोमाजी म्हणजे कोसंबीचा सरपंच, कौतिकाचा बाप!

"काय जी, चोरून गाणे ऐकून राह्यले काय? बाबाले सांगीन मी!"

वारलू दचकला. मग तिच्याकडे पाहून हळूच म्हणाला, "सांगा न बाई... पण एवढं संपू द्या."

ती थांबली. सर कधी ओसरली, तिला कळलंसुद्धा नाही.

आता त्या रेडिओची गोष्ट सांगायलाच हवी. गावात वीज कुठली यायला! डालड्याच्या डब्याएवढी बॅटरी चांद्याहून आणायची आणि जिवापाड जपायची. संध्याकाळी बाजारभाव, शेतीच्या गोष्टी, मागून एखादं भजन, की कान पिळून रेडिओ बंद. त्यातून सोमाजीचं ठाम मत होतं की ऐकणारे कान जितके जास्त, तितकी बॅटरी लवकर उतरते. आणि बायका तर जीव लावून ऐकतात, म्हणजे त्या दुप्पट ओढणार! म्हणून बायकांनी रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली बसायचं. हसू नका. अख्ख्या गावाला ते पटलं होतं, आणि सरपंचाला समजावण्याची वारलूची काय बिशाद!

दुसऱ्या दिवशीपासून चावडीची खिडकी पहाटे थोडी किलकिली राहू लागली, आणि कौतिकाच्या घरात पाण्याची फार टंचाई भासू लागली.

"आज काय हाये?"

"आज सतार."

कधी कव्वाली लागायची, आणि कौतिकाची बोटं नकळत गुंडीवर ठेका धरायची. कधी शिनेमाचं गाणं, कधी एखादं नाटकातलं पद. एकदा अशाच एका पदात गवयाची तान काही केल्या संपेना, तेव्हा ती काळजीनं म्हणाली, "हा मानूस श्वास कवा घेते जी?"

"आपण बोलून राह्यलो न, तेवढ्यात घेतला असंन."

एकदा तेलुगू गाणं लागलं. बाईचा आवाज कसा मधाळ...

"काय म्हणते ती?"

वारलूनं जरा विचार केला. "म्हणते... पाण्याले रोज येत जा."

"खोटं!"

"मले जेवढी तेलुगू येते, तेवढी सांगितली बाप्पा!"

कौतिकानं डोळे वटारले, पण हसू काही केल्या लपेना. अहाहा, काय सकाळी होत्या त्या! रोज नवं गाणं, रोज नवी थट्टा.

एके सकाळी तिनं विचारलं, "आमचे धान रोवण्याचे गाणे रेडिओत काऊन लागत नाई?"

"तुमी म्हणा. मी हा बंद करतो."

आणि त्यानं खरंच बंद केला. कौतिकानं विहिरीकडे तोंड करून दोन ओळी म्हटल्या. चोरून वळून पाहिलं, तर त्याचे डोळे मिटलेले — सनई ऐकताना होते तसेच. त्या दिवशी बॅटरी वाचली खरी, पण कौतिका कामातून गेली.

मग कार्तिक आला. धान कापून माणसं थकून संध्याकाळी चावडीपुढे टेकली होती. भजन नुकतं सुरू झालं, आणि रेडिओ कण्हला, घरघरला, गप्प झाला.

सोमाजी ताडकन उठला. "पाहा! बायका सरकत सरकत पार रस्त्यावर आल्या! उद्यापासून एकही बाई इकडे दिसली नाई पाहिजे!"

म्हाताऱ्या रुखमाबाईचा चेहरा पडला. दिवसभर कंबर मोडल्यावर तेवढं एक भजनच तर होतं बायकांच्या वाट्याला.

वारलूला ते बघवेना. तो उभा राहिला. "सोमाजीभाऊ, बायकांचा दोष नाई. मी रोज सकाळी लावत होतो."

"कोनासाठी?"

"माह्यासाठीच... एकटाच ऐकत होतो."

"मंग उद्याच्या मोटारीनं बोचकं घे अन् चालता हो. दुसरा मानूस पाहू आमी."

कौतिका त्या बायकांतच बसली होती. गप्प बसलं तर तो जाणार, कायमचा. बोललं तर लग्नाची पोरगी रोज पहाटे परक्या पोराच्या खिडकीशी उभी असते, हे गावभर होणार.   तरी ती उठली.

"बाबा, तो एकटा नोयता. मीबी होती."

"रोज?"

"रोज."

"काऊन?"

"गाणे आवडतात म्हणून..." ती अडखळली. वारलूकडे पाहिलं, आणि मग राहवलंच नाही. "अन् तो आवडते म्हणून."

 मग रुखमाबाईच बोलली, "तरी म्हटलं, या घराले सकाळी सकाळी एवढं पाणी काऊन लागते!" बायका पदरात तोंड खुपसून हसल्या.

सोमाजी मटकन खाली बसला. लेकीनं चारचौघांत सांगितलेलं आता झाकणार तरी कशानं? आणि मनातून पोरगा त्यालाही आवडतच होता. तो मिशी कुरवाळू लागला.

"बॅटरी कुठी भेटते?"

"चांद्याले," वारलू कसाबसा म्हणाला.

"अन् तुया बाप?"

"सिरोंच्याले."

"मंग दोघाईले घेऊन ये."

"अन् आमी कुठी बसाव?" रुखमाबाईनं संधी सोडली नाही.

"बसा माय, कुठीबी बसा!"

सकाळी मोटारीपाशी कौतिका आली. पहिल्यांदाच कुणाला न भिता. वारलू खिडकीत बसला होता, ती बाहेर.

"बॅटरी नाई भेटली तं?" तिनं हळूच विचारलं.

वारलू हसला. "नाई भेटू दे. बाप तं भेटन न!"