जुना पार्ट, नवं खोकं

स्टीलच्या पेल्यात ब्रेक ऑइल घेऊन त्यात मी रबराचा एक नवाकोरा वॉशर टाकून ठेवला होता. सकाळी तो फुगून पेढ्याएवढा झाला होता. नखाने दाबला तर दाबल्याची खूण तशीच राहिली. म्हणजे रबरच चुकीचं. ब्रेक ऑइलमध्ये टिकणारं रबर वेगळं असतं. इथे कुणीतरी हाताला लागेल ते काळं रबर साच्यात घालून, वर चमकणारं स्टिकर लावून विकलं होतं.

"बघा अंकल," मी पेला पुढे केला. "हा फुगला आणि ब्रेक गेला."

इग्नेशियस अंकलनी चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं. "मी काय सांगत होतो? गाडीचा दोष नाय. हे मेले आताचे पार्ट."

इग्नेशियस अंकल म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. परळच्या एका लॅबमध्ये मी रबर आणि धातूंच्या चाचण्या करते, आणि वसईहून रोजची ये-जा नको म्हणून गिरगावात अंकलकडे राहते. ठाकूरद्वारच्या मागे आमची वाडी आहे. घराला लाकडी जिना, बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये अंकलची फियाट. साठ सालानंतरची, करड्या रंगाची, गियर स्टिअरिंगपाशी. लहानपणी चर्चला जाताना एक कुत्रा आडवा आला, अंकलनी ब्रेक दाबला आणि माझा पुढचा अर्धा दात डॅशबोर्डवर राहिला. तेव्हापासून त्या दातावर कॅप आहे. या गाडीचे ब्रेक एके काळी किती चांगले होते, याचा पुरावा मी तोंडात बाळगते.

आता मात्र वाळकेश्वरच्या उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं होतं. अंकलनी हँडब्रेक ओढून, गाडी फुटपाथला घासून थांबवली. ही बातमी लॉयडपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

लॉयड म्हणजे अंकलचा मुलगा. अँटॉप हिलला सोळाव्या मजल्यावर राहतो. रविवारी चर्चमधल्या मासनंतर आला तो चपला न काढताच बोलायला लागला.

"डॅडी, पुरे झालं. गुरुवारी पासिंग आहे ना? आरटीओत नापास झाली की गाडी भंगारात. आणि तुम्ही माझ्याकडे."

"आणि पास झाली तर?"

"कशी होणार पास? पार्ट मिळत नाहीत. तुमचा गुडघा चालत नाही. तुम्ही दोघं कुठवर एकमेकांना ढकलणार?"

अंकलनी काठीने उजव्या गुडघ्यावर टकटक केलं. मागच्या वर्षी तिथला सांधा बदलला होता. तो नीट बसलाच नाही, सैल झाला. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते.

"हा पण ड्युप्लिकेट," अंकल म्हणाले. "माझा स्वतःचा दुखायचा, पण माझा होता. तुमचं ऐकून काढून दिला. गाडीचं तरी नाय ऐकणार."

"फ्लॅवी, तू शिकलेली आहेस, तू सांग," लॉयड माझ्याकडे वळला.

"गुरुवारपर्यंत थांब," मी म्हटलं. "पास करून दाखवते."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चढा निघाला. लॉयड हसला. "लॅबमध्ये बनवणार काय ब्रेक?"

सोमवारी ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांतून मी पुढच्या चाकाचा अख्खा व्हील सिलिंडर आणला. ब्रेक दाबला की तेल या बोटभर लोखंडी नळीत शिरतं, आतला पिस्टन सरकतो आणि चाक धरलं जातं. तिसऱ्या दुकानात त्यातल्या त्यात बरा मिळाला. लालबागहून रघुवीर मेस्त्री आले. गाडी त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याच हातात आहे. त्यांनी जुना सिलिंडर काढून मला दाखवला. आत गंज धरून चरा पडला होता, नख सहज अडकत होतं. मग नवा बसवला, आणि सगळे मेस्त्री करतात तसं नव्याच्या खोक्यात जुना घालून अंकलच्या हातात दिला.

"हे घ्या तुमचं मयत."

"मयत तू बसवलास," अंकल म्हणाले. त्यांनी खोकं कपड्याने पुसून शेडमधल्या फळीवर ठेवलं. गेल्या कित्येक वर्षांची खोकी तिथे रांगेत होती. त्यांनी कधी एकही जुना पार्ट टाकला नव्हता.

मंगळवारी सकाळी मी गाडी वाडीच्या तोंडापर्यंत नेली. ब्रेक इतका कडक लागला की मी स्टिअरिंगवर आपटले. आनंद व्हायला हवा होता. पण त्या नव्या सिलिंडरचं ओतकाम मी भिंगाखाली पाहिलं होतं, त्यात बारीक भोकं होती. तो इतका चांगला चालायचं कारण नव्हतं. मी मेस्त्रींना फोन करून बोलावलं आणि चाक उघडायला लावलं.

आत जुना सिलिंडर होता.

मेस्त्री बराच वेळ ओणवेच राहिले. मग मी फळीवरचं खोकं काढून उघडलं. त्यात नवा होता.

"मेस्त्री, चेष्टा आहे का ही?"

"माझ्या आवशीची शपथ." ते उठले, हात पुसायला लागले आणि पुसतच राहिले. "तुझ्यासमोर बसवला ना गो? तूच टॉर्च धरलेला."

मी अंकलकडे पाहिलं. ते खुर्चीत बसून पाव चहात बुडवत होते. त्यांना खाली वाकता येत नाही, चाक काढणं दूरच. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मला भीती वाटली नाही, हे खरंच सांगते. राग आला. माझ्या डोळ्यांसमोर झालेली गोष्ट झाली नव्हती असं मला कुणी सांगू शकत नाही, लोखंडाचा तुकडाही नाही. मी लॅबमधून हिऱ्याच्या टोकाची लेखणी आणि नमुने सील करायची टेप आणली. ती टेप एकदा उचकटली की फाटते, पुन्हा चिकटत नाही. नव्या सिलिंडरवर मी फुली कोरली. मेस्त्रींनी तो बसवला. जुना खोक्यात घालून मी टेप लावली, टेपवर सही केली. आणि एक रिकामं खोकंही तसंच सील करून शेजारी ठेवलं. प्रयोगात असं एक ठेवायचं असतं. ज्यात काही नाही, त्यात काही होत नाही ना, हे पाहायला.

"रिकामा कशाला?" अंकलनी विचारलं.

"तुलनेला."

"मग त्याच्यावर माझी सही घे. मला पण येऊ दे तुझ्या सायन्समध्ये."

त्यांनी माझ्या सहीखाली, तिरकी, लांब शेपटीची सही केली.

बुधवारी मेस्त्री लवकर आले. दाढी केलेली नव्हती. चाक उघडलं. सिलिंडरवर फुली नव्हती. मी फळीवरचं खोकं उजेडात आणलं. टेपला एक सुरकुतीसुद्धा नव्हती. ती कापून उघडलं.

फुली आत होती.

मेस्त्रींना मी चाकावरचा सिलिंडर खोलायला सांगितलं. त्यांनी तो खोलला, पण हातात न धरता फडक्यावर ठेवून माझ्याकडे सरकवला. मी आत नख फिरवलं. मग करंगळी. चरा नव्हता. आतला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होता. बाहेर बोल्ट बसतो त्या कानावर रघुवीर मेस्त्रींच्या वडिलांनी हातोडी चुकवून पाडलेला पोचा मात्र जसाच्या तसा होता. मेस्त्रींनी त्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"ह्याच्यापुढे मी गाडीला हात लावणार नाय," ते हळू म्हणाले.

"लागणार पण नाय," अंकल खुर्चीतून म्हणाले.

"हे कसं झालं, अंकल?"

"तू मोजतेस ना? मोज."

मी मोजलं. कसं झालं ते मोजता आलं नाही. झालंय एवढं मोजता आलं.

तो सिलिंडर तेवढा मेस्त्रींनी परत बसवून दिला. गुरुवारी आरटीओत इन्स्पेक्टरने वेग घ्यायला लावून ब्रेक दाबायला सांगितला. चारही चाकांचे ठसे सरळ रेघेत उमटले. "पार्ट कुठून आणता?" त्याने विचारलं. "आमची माणसं शोधून दमतात."

"घरचे आहेत," अंकल म्हणाले.

लॉयडला मी पासिंगच्या कागदाचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"गाडीचं झालं, ठीक आहे. ती भंगारात जाणार नाही. पण गुडघा? शनिवारी एक्स-रे आहे, मी न्यायला येतोय. डॅडींना चालता आलं नाही, तर गाडी असून काय उपयोग? ऑपरेशन झालं की ते माझ्याकडेच राहणार. वाडीतलं घर बंद."

स्पीकर चालू होता. अंकल उठले, काठी टेकत शेडमध्ये गेले आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. मी जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, "आलो. जरा बसतो हिच्यात."

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले.

काठी गाडीच्या आरशाला टांगलेली होती.

अंकल मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, कोपरं गुडघ्यांवर. टायरमध्ये अडकलेला खडा ते स्क्रू ड्रायव्हरने काढत होते.

सांधा बदललेला माणूस असा बसू शकत नाही. तो सांधा तेवढा वळतच नाही.

"चहा ठेव तिथे," ते मान न वळवता म्हणाले.

ते हाफ पँटमध्ये होते. मी उजव्या गुडघ्यावरचा टाक्यांचा लांब वण शोधला. तिथे फक्त एक जुनी, नाण्याएवढी खूण होती, लहानपणी खेळताना पडल्याची असते तशी.

मी फळीकडे गेले. रिकामं खोकं जागेवर होतं. टेप शाबूत. माझी सही, खाली त्यांची, लांब शेपटीची.

मी ते उचललं.

ते जड होतं.

मी टेप कापली. आत चकचकीत वळणदार धातू होता, त्याच्याखाली पांढऱ्या प्लास्टिकची जाड चकती. रक्त नाही, ओल नाही. पुसून ठेवल्यासारखं. धातूच्या काठाला, सांधा हाडाला चिकटवतात त्या सिमेंटचा पापुद्रा होता, आणि आतल्या बाजूला कोरलेला नंबर.

"लॉयड येईल," माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"येऊ दे. चहा पाज नि पाठव परत." अंकल उठले. कशालाही न धरता उठले. "विचारलंच तर सांग, ड्युप्लिकेट होता, काढून टाकला."

मी खोकं बंद करून परत फळीवर ठेवलं, रांगेत, बाकीच्यांच्या शेजारी. लॉयडला सांगावं, लॅबमध्ये सांगावं, असं क्षणभर वाटलं. मग डोळ्यांसमोर सोळावा मजला आला, आणि सोळाव्या मजल्यावर खिडकीपाशी बसवलेले अंकल. मी कुणालाही काहीही सांगणार नव्हते. पण एका नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नसतो, हेही मला ठाऊक होतं. मी आणखी एक खोकं घेतलं, अगदी लहान, फ्यूजचं. आत टॉर्च मारून पाहिलं. रिकामं. टेप लावली, या वेळी फक्त माझी सही केली.

"लॉयड यायला वेळ आहे. आज तू चालव," अंकल म्हणाले आणि टुणकन शेजारी येऊन बसले.

खोकं मी डॅशबोर्डवर ठेवलं. चौपाटीवरून वर चढलो, तीन बत्तीला वळून परत उताराला लागलो. जिथे गाडी फुटपाथला घासली होती, तिथे मागे कुणी नाही असं पाहून मी मुद्दाम ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. खोकं पुढे सरकून काचेला लागलं.

आत काहीतरी खुळखुळलं. छोटं, हलकं, एकच.

अंकलनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उघडून बघणार?"

"नको."

वरून येणाऱ्या टॅक्सीने हॉर्न दिला. मी गियर टाकला. जीभ आपोआप पुढच्या दाताकडे गेली. कॅपची कड लागली नाही. दात अखंड होता आणि त्याची धार बारीक करवतीसारखी होती, हिरडीतून नुकत्याच वर आलेल्या दाताची असते तशी.