त्याच्या जागी आलेला माणूस

ती स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात नवऱ्याच्या ऑफिसातला कनिष्ठ सहकारी उभा होता, हातात डायरी घेऊन.

“वहिनी, साहेबांनी पत्ता दिला. म्हणाले, या राज्यात राहायला येणाऱ्याला काय काय माहीत हवं, ते तुमच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.”

तिने हौसेने सांगितलं. पाणी पहाटे साडेपाचला येतं, तासाभरात जातं. ते इतकं जड, की डाळ शिजायला दुप्पट वेळ. दुकानं दुपारी चारपर्यंत बंद. बसच्या पाट्या इथल्याच लिपीत, तेव्हा निदान आकडे तरी शिकून घ्या. त्याने सगळं टिपून घेतलं.

“बदली कुठल्या विभागात झाली?” तिने सहज विचारलं.

त्याचं पेन थांबलं. “साहेबांच्याच जागी, वहिनी. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बदली रद्द करून घेतली ना... तुम्हाला माहीत नव्हतं?”

तो गेल्यावर ती तशीच भिंतीला टेकून बसली. ‘तू पुढे हो, घर लाव, मी आईला घेऊन येतो,’ एवढ्या नवऱ्याच्या शब्दावर तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली बारा वर्षांची नोकरी सोडली होती. परक्या भाषेत अडखळत, लोकांचं हसू सोसत, आपल्या तिघांसाठी हा संसार उभा केला होता... आणि गेले दोन महिने तो रोज फोनवर पडद्यांचा रंग विचारत होता!

तिने फोन लावला. “बदली रद्द झाली, की तू करून घेतलीस?”

“तू इतकी रमली होतीस... सांगायचा धीर झाला नाही. आणि आई यायला तयार नाही गं. या वयात तिला नवं गाव नको.”

म्हणजे दोघांनी मिळून! अकरा वर्षं ज्या सासूचा प्रत्येक शब्द झेलला, तिनेही... तिच्या काळजाला चरा पडला. तिने फोन बंद केला, तो पुन्हा चालू केलाच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दारात सासूबाई उभ्या होत्या. एकट्या. बसच्या प्रवासाने चेहरा उतरलेला.

“आई... तुम्ही?”

“तुझा फोन बंद लागला, तेव्हा त्याच्या तोंडून सगळं कळलं. माझं नाव पुढे करून खोटं बोलला तो. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तर कधीची बॅग भरून बसले होते.” त्यांनी पदराने चेहरा पुसला. “त्याची बाजू मांडायला आले नाही. तो आला तर दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी माझ्यापुरतं विचारते...”

आजवर नुसती आज्ञा करत आलेल्या त्या बाईने उंबऱ्याबाहेरच थांबून मान खाली घातली.

“मला ठेवून घेशील?”

चार दिवस कोरडे राहिलेले सुनेचे डोळे भरून आले. तिने त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांना आत ओढलं.